दामूचा डावा हात

"होल्ड इट," दामू ओट्यावरच्या खुर्चीतून म्हणाला.

कोणी काही धरलं नाही. समोर वाळूत ओढून ठेवलेल्या होडीतून निमेश आणि शेजारचे दोघे इंजिन काढत होते. तीन जाड वासे टोकाशी बांधून होडीभोवती वाळूत उभे केले होते, दोन बाजूंना दोन आणि मागे एक. त्यांना चेनपुली लटकत होती. निमेश साखळी खेचत होता. इंजिन वीतभर उचललं गेलं होतं.

"होल्ड इट."

"धरलं, काका, धरलं," होडीत उभा असलेला मेहुल हसत म्हणाला. "साहेबाला चाय द्या कोनीतरी."

निमेश हसला नाही. त्याने पायरीवर सुकट निवडत बसलेल्या आईकडे पाहिलं. "आई, बाबांना आत घे. रोज त्यांना बाहेर बसवायचं नि लोकांनी नकला करायच्या. उद्यापासून मागच्या खोलीतच राहू दे त्यांना."

"इथून त्यांना दर्या दिसतो," साखरबाई म्हणाली.

"त्यांना काय कळतंय, दर्या काय नि भिंत काय."

दिवाळीत दामूला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पाणी, भात, मुलाचं नाव, काहीच तोंडात राहिलं नाही. राहिले ते हे शब्द, होल्ड इट, टेक इट अप, पुट इट डाऊन. तारापूरला आणि नंतर बोईसरला क्रेनला इशारे देताना पस्तीस वर्षं ओरडलेले. तरुणपणी एका गोऱ्या फोरमनच्या तोंडून त्याने ते उचलले होते. आता भूक लागली तरी तेच, डास चावला तरी तेच.

बारावीतल्या नातीने, तेजलने, आजीला ते उलगडून सांगितले होते. होल्ड म्हणजे आहे तिथेच धर, थांबव. टेक म्हणजे घे. अप लावलं की वर घे, डाऊन लावलं की खाली. मधलं इट म्हणजे ते.

"ते म्हंजे काय?"

"काहीपण. ज्याच्याबद्दल बोलतोय ते. पण आजोबा कशाबद्दल बोलतात हे कसं कळणार, आजी?"

"त्यात काय हाय? लग्न झाल्यापासून मी त्यांचं नाव नाय घेतलं. ते आले, ते जेवले. कोनी विचारलं कधी, कोन ते?"

त्या दिवसापासून साखरबाई शब्द ऐकायची आणि दामूच्या डोळ्यांकडे बघायची. टेक इट अप, आणि डोळे खिडकीवर. ती पडदा वर करायची. कधी चुकायचीही. मग तो पुन्हा म्हणायचा.

आता त्याचा आवाज चढला. "होल्ड इट." डावी मूठ खांद्याच्या वर गेली आणि तिथेच थांबली.

साखरबाईने सूप खाली ठेवलं. दामू इंजिनकडे बघत नव्हता, निमेशकडेही नाही. तो बघत होता तिकडे तिने पाहिलं.

"निमेश, खेचू नको. ते सांगतात थांब."

"आई, आता तू पन..."

"मागच्या वाशाचा पाय बघ."

निमेशने मान वळवली. वासा वाळूत हातभर रुतला होता. वरची गाठ त्या बाजूला झुकली होती आणि तिच्या बरोबर खाली मेहुल उभा होता. मेहुल होडीतून उतरला.

"पुट इट डाऊन," दामू म्हणाला.

इंजिन परत जागेवर बसलं. तिघांनी तिन्ही वाशांखाली फळ्या सारल्या. मग कोणी साखळीला हात लावला नाही. सगळे ओट्याकडे बघत होते.

दामूचं बोट वर झालं आणि हवेत गोल फिरू लागलं. "टेक इट अप."

साखळी खडखडली. बोट संथ झालं की निमेशचे हात संथ होत. इंजिन काठाच्या वर आलं. मूठ मिटली. "होल्ड इट." मग हात समुद्राकडे गेला. "पुल इट आऊट."

निमेश इंजिनला हात घालायला गेला.

"ते नाय," साखरबाई म्हणाली. "होडीला म्हनतात."

तिघांनी होडी खालून पुढे ओढून काढली. इंजिन एकटंच लटकत राहिलं.

साखरबाई त्या हाताकडे बघत होती. तारापूरला कामाच्या कुंपणाबाहेर ती बोंबलाची पाटी घेऊन बसायची, तेव्हा असाच दिसायचा तो. लांब, उंचावर, नखाएवढा माणूस. त्याने बोट हलवलं की घराएवढं लोखंड हवेतून त्याच्या मागे मागे यायचं. सोबतच्या बाया विचारायच्या, तो वरचा कोन गं? ती म्हणायची, ते आमचे. आणि पाटीवरचं फडकं उगाच सारखं करायची. संध्याकाळी घरी आल्यावर तो त्यातलं काही बोलायचा नाही. हात धुऊन जेवायला बसायचा.

"पुट इट डाऊन. डाऊन. डाऊन." शेवटचं त्याने अगदी हळू म्हटलं, निजलेलं मूल पाळण्यात ठेवताना बोलावं तसं. इंजिन फळ्यांवर टेकलं. आवाज झाला नाही.

निमेश हात पुसत ओट्यावर आला. साखरबाई उठून दारात आडवी उभी राहिली.

"पंख्याचा शाफ्ट राहिलाय अजून," तो म्हणाला. "इथून बाबांना लांब पडतं. मेहुल, ये, त्या बाजूने धर."

दोघांनी दामूला खुर्चीसकट उचललं आणि होडीपाशी नेलं. दामूने वासे पाहिले, होडीची मागची बाजू पाहिली, पुन्हा वासे पाहिले. मेहुलच्या हाताला रग लागली होती. निमेश खुर्ची धरून उभाच होता, बाबांच्या तोंडाकडे बघत. ते "पुट इट डाऊन" म्हणेपर्यंत त्याने ती खाली ठेवली नाही.