दुर्बिणीतली माशी

समीक्षाने बाबांच्याच मोबाइलवर अंगणातला कापसाचा ढीग धरला, पडद्यावर बोट दाबून ठेवलं आणि फोन प्रभाकररावांच्या हातात दिला.

"काका, उजेड अन् रंग लॉक केला मी. आता कॅमेऱ्याले आपल्या मनानं काही सुधारता येणार नाई. तुमच्या अन् बाबाच्या, दोन्ही दुर्बिणींच्या काचेले फोन टेकवायचा अन् एकेक फोटो काढायचा. दोन्हीत कापूस सारखाच पांढरा दिसला, तर मी बाबाले देल्लेली चांगली."

"कायले पाह्यजे हे फोटो-बिटो?" गच्चीच्या कठड्याला टेकून लक्ष्मणराव म्हणाले. "मले झकास दिसते. झालं."

"बाबा, ह्या कंपनीच्या नावानं नकली माल येते म्हणून किती लोकांनी लिहिलं नेटवर. मी फसली असन तर मले समजू तर द्या."

दुर्बीण तिने पहिल्या पगारातून घेतली होती. दसऱ्याला ती घरी पोचली आणि तेव्हापासून लक्ष्मणरावांच्या गळ्यातून उतरली नव्हती. रोज सकाळी तलावावर पाखरं बघायला ते आणि प्रभाकरराव हे दोघे शाळासोबती जात, तेव्हा वाटेत भेटेल त्याला "माह्या पोरीनं घेऊन देल्ली" हे ऐकावंच लागे. प्रभाकररावांची दुर्बीण जुनी. तिच्या आतल्या काचेवर एक काळा ठिपका होता, खाली उजव्या कोपऱ्यात, काही केल्या न निघणारा. त्याला लक्ष्मणरावांनी माशी असं नाव ठेवलं होतं. तलावावर एखादं पाखरू दिसेनासं झालं की ते हमखास म्हणत, "पाह्य बे, तुह्या माशीनं तर नाई खाल्लं?" प्रभाकरराव हसून सोडून देत, पण दसऱ्यापासून हसणं जरा जडच जात होतं. शिवाय इतकं कौतुक करूनही या गड्याने नवी दुर्बीण त्यांना एकदाही डोळ्याला लावू दिली नव्हती.

खालून समीक्षाच्या आईने, आनंदाबाईंनी, चहासाठी हाक मारली. समीक्षा जिना उतरून गेली. लक्ष्मणरावांनी गळ्यातली दुर्बीण काढून कठड्यावर ठेवली आणि तलावाकडे तोंड फिरवलं.

प्रभाकररावांनी आधी आपल्या दुर्बिणीला फोन टेकवला. कापूस पांढराशुभ्र आला. मग नवी दुर्बीण उचलली, फोन टेकवला, फोटो काढला आणि पाहतच राहिले.

ढीग तोच, ऊन तेच. पण कापूस पिवळट दिसत होता आणि काळवंडल्यासारखा, परतीच्या पावसात भिजलेला माल असतो ना, अगदी तसा.

सापडला गडी! प्रभाकररावांच्या ओठांवर हसू आलंच. रोज सकाळी ऐकून घेतलेल्या सगळ्या टोमण्यांचं उत्तर हातात होतं. हाक मारायला त्यांनी तोंडही उघडलं.

लक्ष्मणराव पाठमोरेच उभे होते. कठड्याचा चुना नखाने खरवडत होते. झाला का फोटो, कसा आला, काही विचारत नव्हते. मूठभर कापूस दुरून दाखवला तरी त्याचा पिवळेपणा सांगणारा हा माणूस. जन्म कापसात गेलेला. त्याला का हे कळलं नसेल?

दसऱ्याच्या दिवशीच कळलं असणार. म्हणून तर दुर्बीण कुणाच्या हातात जात नव्हती.

प्रभाकररावांना फार वाईट वाटलं, आणि आपल्या त्या हसण्याची लाजही वाटली. त्यांनी पिवळा फोटो पुसून टाकला. मग आपलीच दुर्बीण पुन्हा कापसावर धरली आणि आणखी एक फोटो काढला.

समीक्षा चहाचा ट्रे घेऊन वर आली. "काढले काका?"

"काढले ना. दोन्ही सारखेच आले बाप्पा. मलेच नवल वाटून राह्यलं."

लक्ष्मणराव गर्रकन वळले. ट्रे खाली ठेवायच्या आत त्यांनी फोन ताब्यात घेतला. एक फोटो पाहिला. बोटाने सरकवून दुसरा पाहिला. मग पुन्हा पहिला. त्यांचं बोट दुसऱ्या फोटोवर थबकलं, खालच्या उजव्या कोपऱ्याशी.

माशी! प्रभाकररावांना ती आत्ता आठवली. दोन्ही फोटोंत ती आलीच असणार, एकाच जागी, ठसठशीत.

लक्ष्मणरावांनी फोनवरून नजर उचलून मित्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाबा, काय झालं? खराब आहे का?"

"खराब?" त्यांनी घसा खाकरला. "इकडं ये. पाह्य कसा दिसते कापूस. निस्तं दूध! म्हणलं होतं ना तुले, माही पोरगी फसत नाई म्हणून."

समीक्षा वाकून बघू लागली. तिचा चेहरा एकदम खुलला. "खरंच की! मी उगीच भेऊन राह्यली होती. द्या ना बाबा, जरा मोठा करून पाहते."

"तू आधी काकाले चहा दे, थंडा होऊन राह्यला. फोटो पाह्य असाच, माह्या हातातून."

त्यांनी फोन तिच्यासमोर धरून ठेवला. प्रभाकररावांनी कप घेतला. लक्ष्मणराव हसून लेकीला दुर्बिणीच्या गोष्टी सांगत राहिले. फोटोच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवलेला अंगठा मात्र त्यांनी शेवटपर्यंत हलवला नाही.