होम प्लेटवरचा भाचा

बेसबॉलच्या मैदानात रुद्र तिसऱ्या बेसवर उभा राहून आपल्या मामाकडे पाहत हसत होता.

"मामा, भाच्यावर हात उचलता का?"

धाव जिथं पुरी होते त्या होम प्लेटमागे बसलेल्या बाळापूरच्या वैजनाथनं हातमोजा आवळला. तोंडावर कॅचरची जाळी होती म्हणून त्याचा चेहरा कुणाला दिसला नाही. दिसला असता तर बाळापूरकरांनी तेव्हाच घरची वाट धरली असती.

शेवटचा डाव होता. आखाडा बाळापूर एका धावेनं पुढं होतं आणि कनेरगाव नाक्याचा एकच गडी बाद व्हायचा राहिला होता. रुद्र होम प्लेटला पोचला तर बरोबरी. बरोबरी झाली तर चषक गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडे, म्हणजे कनेरगावकडेच राहणार, असा स्पर्धेचा नियम. वैजनाथला करायचं होतं ते इतकंच, की चेंडू झेलायचा आणि रुद्र प्लेटला पोचायच्या आत चेंडू धरलेला हात त्याच्या अंगाला लावायचा. कॅचरसाठी हे रोजचं काम.

पण रुद्र त्याच्या सख्ख्या बहिणीचं लेकरू. आणि या मुलखात भाचा म्हणजे चालतं-बोलतं दैवत. मामा वयानं कितीही मोठा असो, मान भाच्याचा, पाया पडायचं मामानं. तिसऱ्या डावात रुद्र असाच धावत आला, तेव्हा वैजनाथ हातात चेंडू असूनही बाजूला सरकला होता, दारात पाहुणे आल्यासारखा. तेवढं पाणी विचारायचं राहिलं.

"झाली तुमची केमिस्ट्री?" कट्ट्यावर बसलेल्या धनसिंगनं विचारलं. त्याचं खताचं दुकान होतं आणि संघाचे कपडे त्याच्या खर्चानं शिवलेले होते. "केमिस्ट्री माझ्याकडं पोत्यात मिळते, संतरामकाका. तिच्यानं ऊस वाढतो, संघ न्हाई."

संघाला शिकवणारे संतरामकाका बेसबॉलचे भक्त. पहाटे म्हशीची धार काढताना ते मोबाईल गव्हाणीत उभा करून अमेरिकेतले सामने पाहत. म्हशीलाही आता सवय झाली होती. सामना रंगला की ती पान्हा चोरत नसे. संघाबद्दल काकांची मतं दोनच होती, पण ती ते दिवसभर सांगत. एक, संघाची केमिस्ट्री म्हणजे घरोबा; जे पोरगं दुसऱ्याच्या घरात शिरून न विचारता भाकर खातं, तेच त्याच्याकडे नीट चेंडू फेकतं. दुसरं, खेळाडू विकत आणायचा नसतो, घरी वाढवायचा असतो. वैजनाथला त्यांनीच वाढवला होता. त्यांच्या शेतात ट्रॅक्टर भरताना तो लहानपणापासून टरबुजं झेलायचा. एकही फुटू दिलं नाही. काकांना टरबूज खायला मिळेना, पण कॅचर मिळाला.

"आज हारलो," धनसिंग म्हणाला, "तर वैजनाथ घरी बसल. नांदेडचं पोरगं पाहून ठेवलंय म्या. आन् तुमी पण मतं बंद करायची. बराबर?"

"बराबर," काका म्हणाले. वैजनाथला खेळ सोडून दुसरं काही आवडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मतं बंद करून आपण जगू कसं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वैजनाथची थोरली बहीण शिवकन्या ओरडली, "वैजू! माह्या लेकराला लागलं ना, तर भाऊबीजेला येणार न्हाई मी!"

कनेरगावकरांनी टाळ्या वाजवल्या.

चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या हातून चेंडू सुटला आणि त्याच क्षणी रुद्र धावत सुटला. फटक्याची वाट पाहायची त्याला गरजच वाटली नाही. समोर मामा होता. बॅटवाल्यानंही हसत रस्ता मोकळा केला.

चेंडू वैजनाथच्या हातमोज्यात बसला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. रुद्र वाऱ्यासारखा येत होता. वैजनाथ या वेळी सरकला नाही. तो गुडघ्यांवर आला, डोळे मिटले आणि पुढं वाकला.

शेवटच्या क्षणी रुद्रनं पाय पुढं करून घसरण घेतली. धूळ उडाली. धूळ खाली बसली तेव्हा सगळ्यांना दिसलं, की प्लेटच्या वीतभर अलीकडे भाच्याचे दोन्ही पाय आहेत, पायांवर मामाचे दोन्ही हात आहेत, आणि हातांत चेंडू आहे.

अंपायर म्हणून उभे असलेले शाळेतले मास्तर वाकून पाहू लागले. मग सरळ झाले.

"चेंडू हातात होता. हात पायाला लागला. कशासाठी लागला, हे नियमात विचारलेलं नाही. आउट!"

बाळापूरची पोरं ओरडत आत घुसली. डोळे मिटलेल्या वैजनाथला त्या गोंधळात निकाल कळलाच नव्हता. त्यानं मान वर केली आणि हळूच विचारलं, "माफी मागून घेतली रं भाच्या. आता बॉल लावू का?"

"लावला की मामा," धुळीत आडवा पडलेला रुद्र म्हणाला.

शिवकन्या कनेरगावची सून म्हणून हळहळली आणि बाळापूरची लेक म्हणून पदराआड हसली.

धनसिंग कट्ट्यावरून उठला. मग तो काकांजवळ सरकला. "काका, हे तुमी शिकवलं व्हय त्याला?"

"न्हाई बा. हे त्याच्या मायनं शिकवलं." संतरामकाकांनी शांतपणे टोपी झटकली. "नांदेडचा कॅचर तुमी आणाल हो, शेठ. पण त्याला कनेरगावात भाचा कुठून आणून देणार?"