न्हाणीच्या भिंतीवरची ऊब

पाठीवर औषधाचा पंप चढवून महाबळेश्वर मोसंबीच्या पहिल्या झाडापाशी उभा राहिला, तेवढ्यात सुनयनानं एक पान उलटं करून त्यावर भिंग धरलं. शिरेला खवले कीड चिकटली होती, कवच घट्ट लावून. एकही पिल्लू बाहेर पडलेलं नव्हतं.

"मामा, थांबा. अजून वेळ हाय."

"तूच म्हणालीस न्हवं, आजच मारायचं?" सासरा म्हणाला. आवाजात राग नव्हता, थोडी गंमतच होती.

तिनं आणखी एक पान उलटून बघितलं. कीड पंचांग बघत नाही, ऊब बघते, हे घरात तिनंच ठासून सांगितलं होतं. रोजच्या उष्णतेची बेरीज करत जायची. ती भरली की कवचाखालून पिल्लं बाहेर येतात, आणि औषध लागू पडतं ते तेव्हाच. आधी मारलं तर कवचावरून नुसतं ओघळून जातं. महाबळेश्वर आजवर उळवीच्या जत्रेहून परतला की औषध मारायचा, आणि फळ काळं पडून गळायचं. या खेपेला त्यानं बाग सुनेच्या हिशोबावर सोडली होती. तेही साधलं नाही तर मोसंबी तोडून सुपारी लावायची, असं घरात ठरून गेलं होतं.

ती तडक घरामागं आली. ज्यावर ती रोजची ऊब मोजायची तो तापमापक न्हाणीच्या भिंतीला लटकत होता. बागेत टांगला की वानरं पळवतात, म्हणून तिनंच तो इथं आणला होता. तिनं भिंतीला हात लावला. भिंत कोमट होती.

"आत्ती, न्हाणीची चूल कधी पेटवता?"

"पेटवायची कशाला, इझतीय कुटं?" तिची सासू फुला गुडघ्याला तेल चोळत म्हणाली. "माजं पाय आखडल्यापासनं तुजं मामा दिसभर जाळ घालत बसत्यात. मला सारकं कढत पाणी लागतंय म्हणून."

सुनयना उंबऱ्यावर बसली. इतके दिवस ती सासूच्या पाण्याची ऊब मोजत होती, आणि बाग आपली गारठ्यातच होती.

महाबळेश्वर मागोमाग आला होता. त्यानं सगळं ऐकलं.

"मामा, चुकलं माजं."

"जाळ मी घालतो, चुकलं तुजं व्हय?" त्यानं पंप खाली ठेवला. "बागेत टांगलं तर हिशोब जुळंल?"

"फरक कळंल. मग मागचं समदं दुरुस्त करता येतंय. पन वानरं..."

"ते माज्याकडं लागलं. सुपारीचं मागनं बघू."

त्यानं भिंतीवरून तापमापक काढला आणि बागेची वाट धरली.

जत्रेच्या गाड्या घुंगरं वाजवत उळवीकडं निघाल्या, तेव्हा शेजारच्या कान्हूनं बागेपाशी बैल थांबवले. तापमापक टांगलेल्या झाडाखाली महाबळेश्वर मांडीवर गोफण घेऊन बसला होता.

"अण्णा, जत्रा चुकवलीस? झाडाला तर एक फळ न्हाई. राखतोस काय?"

"सुनंचं ऊन," महाबळेश्वर म्हणाला, आणि पलीकडच्या जांभळीवरल्या वानरांवर नजर ठेवून त्यानं गोफणीत खडा घातला.