दुसरा गिअर

सूर्यभान मिस्त्रीने गिअरबॉक्समधलं काळं तेल परातीत उतरवलं आणि त्यात बोट फिरवलं. बोटाला पोलादाचे बारीक कण लागले.

गाडी दर्यापूरच्या उत्तमराव देशमुखांची होती. अमरावतीच्या एका गोऱ्या साहेबाने विलायतेला परत जाताना ती विकली, तेव्हा उत्तमरावांच्या वडिलांनी घेतली. वडील वारले, गाडी राहिली. अलीकडे दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना ती कर्र करून ओरडायची. उत्तमरावांनी सकाळी ती अकोल्याला सूर्यभानच्या कारखान्यात सोडली आणि टांगा करून ते आईला डॉक्टरकडे घेऊन गेले. आईचा गुडघा दुखत होता. एका खेपेत दोन्ही कामं होणार होती.

ड्रायव्हर देवीदास गाडीपाशी थांबला होता. सूर्यभानने त्याचा हात सकाळीच पाहिला होता. फाटकातून आत येताना त्याने दुसरा गिअर टाकला, तेव्हा काहीच आवाज झाला नव्हता.

गाडी आणखी कोण चालवतं, असं सूर्यभानने विचारलं. कोणीच नाही, मालकांना तर येतच नाही, असं देवीदास म्हणाला.

गाडीच्या पोटाला पऱ्हाटीच्या काड्या अडकल्या होत्या. सूर्यभानने त्या ओढून काढल्या. कापूस निघालेल्या वावरात मोटर कशाला घालतोस, असं तो म्हणाला. देवीदासने सांगितलं की दर सोमवारी मालकांच्या आईला, मोठ्या बाईंना, महादेवाच्या देवळात न्यावं लागतं आणि देवळाचा रस्ता वावरातूनच आहे. मग तो पाणी प्यायला निघून गेला.

त्याच जातीच्या एका भंगार गाडीचा गिअर सूर्यभानकडे होता. दुपारपर्यंत त्याने तो बसवला, नवं तेल भरलं आणि गाडीतल्या पायाखालच्या फळ्या जागेवर ठोकल्या.

टांगा परत आला. देशमुखांच्या बाया परक्यासमोर येत नसत. सूर्यभानने रिवाजाप्रमाणे पाठ फिरवली. देवीदासने चादर आडवी धरली आणि उत्तमरावांच्या आई पार्बताबाई टांग्यातून उतरून मोटरीत मागे बसल्या. खिडक्यांचे हिरवे पडदे ओढले गेले. मग सूर्यभान वळला.

डॉक्टरला काही उमगलं नाही, असं उत्तमरावांनी सांगितलं. त्याने लुगड्यावरूनच गुडघा दाबून पाहिला. जिन्याची चढउतार आहे का, विहिरीचं पाणी ओढता का, असं विचारलं. आई दिवसभर बसून असते, म्हटल्यावर त्याने चोळायला तेल दिलं. वयाचं दुखणं आहे म्हणाला.

सूर्यभानने काढलेला जुना गिअर त्यांच्यासमोर धरला. दातांची तोंडं कुरतडल्यासारखी झाली होती, मधला भाग मात्र चांगला होता.

"मशीनचा दोष नाई, मालक," तो म्हणाला. "पायाचा आहे. चालवणारा क्लच दाबते, पण पुरा दाबत नाई. डाव्या पायात जोर कमी पडते त्याच्या."

उत्तमरावांनी देवीदासकडे पाहिलं. देवीदास परातीतल्या तेलाकडे पाहत होता.

"तुह्या पायाले काय झालं?"

"दुखते, मालक."

"कवापासून?"

"उलंगवाडी झाली, वावरातला कापूस निघाला तवापासून."

सूर्यभानला सकाळचा तो मुका गिअर आठवला. पण माणूस स्वतःच कबूल करत होता. त्याने चिंधीला हात पुसले.

उत्तमरावांनी आवाज चढवला नाही. पूर्णेच्या काठचा चढ त्यांनी बोलून दाखवला. त्या चढावर गिअर पडला नाही आणि गाडी मागे घसरली तर खाली थेट नदी, आणि मागे आई बसलेली असते. पाय दुखत होता तर तोंड कावून उघडलं नाही, असं त्यांनी विचारलं. आमच्या जिवाशी खेळून राहिला होता तू, एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला.

देवीदासने चाबी काढली. ती त्यांच्या हातावर न ठेवता त्याने गाडीच्या चाकावरच्या चिखलपत्र्यावर ठेवली. दर्यापुरात दुसऱ्या कोणाची मोटर नव्हती. उद्यापासून त्याला जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या बोऱ्या उचलाव्या लागणार होत्या. अशाने पाय बरा होईल लवकर, असं टांगेवाला हसून म्हणाला.

गाडी दर्यापूरला पोचवायला एखादा माणूस द्या, असं उत्तमरावांनी सूर्यभानला सांगितलं. मग ते पडद्याकडे तोंड करून बोलले.

"आई, देवीदासले काढलं मी. पायानं अधू झाला तो. दुसरा पाहू."

पडद्याची कड थोडी सरकली. देवीदास हळूच म्हणाला, "राहू द्या, मोठ्या बाई." उत्तमरावांना वाटलं, आईने रदबदली करू नये म्हणून तो सांगतो आहे.

मागचं दार उघडलं. चादर धरायला कोणी पुढे झालं नाही. सूर्यभानने घाईने पाठ फिरवली आणि भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे पाहत उभा राहिला. त्याला पावलं ऐकू आली. एक पाऊल नीट पडत होतं, दुसरं ओढत येत होतं. चिखलपत्र्यावरून चाबी उचलल्याचा आवाज झाला. पुढचं दार उघडलं आणि लागलं. इंजिन सुरू झालं. उत्तमराव "आई" म्हणाले आणि तिथेच थांबले. गाडी हलली, फाटकाकडे निघाली आणि दुसऱ्या गिअरवर कर्र करून ओरडली.

"पाय पुरा दाबा, मोठ्या बाई," देवीदास सवयीने म्हणाला.