पहिला चीक

बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं. सकाळीच बाळंतीण झालेल्या रोहिणीला दवाखान्याच्या खाटेवर स्वस्थ बसवत नव्हतं. तिचं पिवळसर, दाट दूध सासूबाईंनी वाटीत पिळून काढलं होतं आणि आता त्या ते बेसिनमध्ये ओतायला निघाल्या होत्या.

"आत्या, पाजू द्या की. सिस्टर म्हणाल्यात, हेच आधी पाजायचं."

"नासकं असतंय ते. तीन दिवस पाजायचं न्हाई. तुझ्या नवऱ्यालाबी मीच मध चाटवून जगवलाय."

सिस्टर दोनदा येऊन, बाळ छातीशी कसं धरायचं ते दाखवून गेल्या होत्या. दोन्ही वेळा सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. रोहिणी उठली, बसली, पुन्हा उठली. बाळाचा आवाज आता बारीक होत चालला होता आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

तेवढ्यात घरून फोन आला. म्हैस व्याली होती.

एका हातात वाटी तशीच धरून सासूबाई फोनवर खेकसल्या, "खरवसाची घाई करू नका. आधी रेडकाला पोटभर पिऊ द्या. पहिला चीक पोटात गेला न्हाई, तर जगायचं न्हाई ते..."

बोलता बोलता त्या थांबल्या. पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो करत राहिलं.

फोन खाटेवर ठेवून त्यांनी वाटीत बोट बुडवलं आणि बाळाच्या ओठांवर टेकवलं. बाळ ते चोखू लागलं.

"सिस्टरला हाक मार," रोहिणीकडे न बघता त्या म्हणाल्या. "कसं धरायचं म्हणत होती ती?"