गॅलरीतली काकडी

सासूबाईंनी आल्या दिवशीच गॅलरीतल्या कुंडीत काकडीचं बी टोचलं आणि जाहीर करून टाकलं, "वेलीला काकडी धरली तर राहीन. नाही धरली तर उन्हाळा सरताच आपली मी माझ्या घरी. मग उगाच गळ घालायची नाही."

वेल कठड्यावर चढली, पिवळ्या फुलांनी भरली. पण इतक्या वरच्या मजल्यावर मधमाशी कुठली फिरकायला! फुलं नुसतीच गळून पडत. "बघ गं, हिलाही इथं करमत नाही," सासूबाई म्हणत आणि सून गळलेली फुलं लगबगीने वेचून टाकी. सासूबाईंच्या कुरकुरीशिवाय घर कसं असायचं, हे ती एव्हाना विसरूनही गेली होती.

मधमाशीचं काम ब्रशनेही होतं, असं तिने कुठंतरी वाचलं. मग रोज सकाळी, सासूबाई उठायच्या आत, ती चोरपावलांनी गॅलरीत जाई आणि रंगाच्या बारीक ब्रशने या फुलातला पराग त्या फुलाला लावी. तरी काकडी काही धरेना.

आज ती ब्रश घेऊन वाकली, तोच पाठीमागून आवाज आला.

"किती दिवस बघतेय, नराचा पराग नरालाच फासतेयस! मादीच्या फुलामागे इवलीशी काकडी असते, दिसत नाही का तुला?"

सून ओशाळून ब्रश पाठीमागे लपवू लागली. सासूबाईंनी तिचा हात धरून ब्रश नेमक्या फुलावर नेला.

"नीट लाव गं बाई. तुझ्या भरवशावर राहिले, तर मला खरंच जावं लागेल."