हलक्या रेसवर

"वाढवा जरा! नाही, नाही, कमी. मामा, एका जागी धरा हो!"

इंजिनाच्या खणातून जावयाचा आवाज आला. वर सुकाणूपाशी सासरे रेसचा दांडा धरून उभे होते. ते तिथूनच गरजले, "धरलाय की! तुमचं इंजिन सरळ चालेल तर ना!"

"माझं इंजिन!" तो खाली पुटपुटला. "बोट यांची, आणि इंजिन माझं!"

सकाळपासून हेच चाललं होतं. जोरात पळवलं की इंजिनाची काही तक्रार नसे. धक्क्याला लागताना हलक्या रेसवर आणलं की मात्र ते आचके द्यायचं. मध्येच उसळायचं, मध्येच विझू विझू व्हायचं. दांडा पूर्ण खाली नेला तर बंदच पडे, म्हणून तो हाताने किंचित वर तोलून धरायचा, अशी त्या बोटीची जुनी खोड. परवा असाच आचका बसून बोट धक्क्यावर आपटली आणि उतरणारी एक बाई लेकरासकट पाण्यात जाता जाता वाचली. तेव्हापासून फेरी बंद होती. पलीकडची माणसं लांबच्या पुलावरून वळसा घालत होती, आणि सासरे घरात ज्याच्या त्याच्यावर डाफरत होते.

जावई गाड्यांचा मेकॅनिक. स्वतःचं गॅरेज बंद ठेवून तो आला होता. त्याने डिझेलचा फिल्टर बदलला, पाइपांतली हवा काढली, नोझल खोलून साफ करून पुन्हा बसवले. कोपराचं सालटं गेलं, मान अवघडली, पाना तळाच्या तेलकट पाण्यात पडला तो चाचपडून काढावा लागला. आणि इंजिन सुरू केलं की ये रे माझ्या मागल्या.

"गाड्या वेगळ्या, बोट वेगळी," वरून शेरा आला. "जमत नसेल तर तसं सांगा. त्यात लाज कसली?"

त्याने दातओठ खाल्ले आणि हाताला लागला तो एक नट उगाचच आवळला. तेवढ्यात त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन बोटीवर आली.

"बाबा, घामाने निथळताय. जा, पाणी प्या. मी धरते."

तिने दांडा हातात घेतला आणि इंजिन सुरळीत चालू लागलं. टक टक टक टक, एका लयीत. त्याने श्वास रोखून ऐकलं. एकही आचका नाही.

"सापडलं!" तो ओरडला. "नट ढिला होता, मामा! या, ऐका!"

सासरे आले. त्यांनी लेकीच्या हातून दांडा घेतला. इंजिन पुन्हा उसळलं, पुन्हा विझू विझू झालं.

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. पाना आपटून तो तडक वर आला.

"मामा, तुम्ही मुद्दामच..."

वाक्य अर्ध्यातच राहिलं. दांड्यावरचा सासऱ्यांचा हात थरथरत होता. हात जसा हलत होता तसं इंजिन आचके देत होतं. जावई बघतोय हे लक्षात येताच त्यांनी दुसरा हात त्या हातावर ठेवून तो दाबून धरला. तरी तो थांबेना. त्यांच्या लेकीनेही ते पाहिलं. ती घाईने पाठ वळवून डबा सोडू लागली.

जावयाने पुढे होऊन इंजिन बंद केलं. सासऱ्यांची बोटं दांड्यावरून अलगद सोडवली आणि तो हात आपल्या तेलकट हातात धरून ठेवला.

"मामा, इंजिन ठणठणीत आहे."

"ठाऊक आहे," सासरे म्हणाले. मग लेकीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, "तरी बिघाड इंजिनातच आहे म्हणा ना, जावईबापू."